बाबाजी गेल्यावर वावर कोणाचं? मृत्युपत्राची गोष्ट सोप्या भाषेत

२०२५ च्या मार्चमध्ये बुलढाणा जिल्ह्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली आणि एप्रिलपासून ती राज्यभर गेली. वर्षानुवर्षं सातबाऱ्यावर राहिलेली मयत माणसांची नावं कमी करायची आणि त्यांच्या वारसांची नावं चढवायची, एवढंच तिचं काम. पण त्या निमित्तानं गावोगाव लोकांनी मृत्यूचे दाखले शोधले, पेटीतले जुने कागद बाहेर काढले. कुठे आजोबांचं नाव तीस वर्षांनी उतरलं.

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं बघते. मोहिमेपासून एक प्रश्न माझ्याकडे सारखा येतो : “म्याडम, आता पटवारीच वारसायचं नाव चढवून देते. मंग मृत्युपत्र कायले पायजे?”

प्रश्न रास्त आहे. पटवारी (सरकारी नाव आता ग्राम महसूल अधिकारी) जी नावं चढवतो, ती कायद्यानं ठरवलेल्या वारसांची. तुमच्या मनात काय होतं, ते त्याला माहीत नसतं आणि विचारायला तुम्ही नसता. मृत्युपत्र म्हणजे तुमच्या मनातलं तुमच्यामागे बोलणारा कागद. आपल्या मालमत्तेचं आपल्या मरणानंतर काय व्हावं, हे माणूस त्यात जिवंतपणी लिहून ठेवतो. तो हयात आहे तोवर त्या कागदाचा कशावरही अंमल नाही.

काहीच लिहून ठेवलं नाही तर?

तर वाटणी कायदा करतो. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू आहे. पुरुष गेला की त्याची बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि त्याची आई हे सगळे पहिल्या रांगेचे वारस, आणि सगळ्यांचा हिस्सा सारखा. मुलगी लग्न झालेली असो की नसो. एखादा मुलगा बापाआधी गेला असेल, तर त्याच्या वाट्याचा एक हिस्सा त्याची विधवा आणि मुलं वाटून घेतात.

खळ्यावर तुरीची रास पडलेली आहे असं समजा. कायदा घमेलं घेऊन येतो आणि माणसं मोजून सारखे ढीग घालतो. कोणी बापाला शेवटपर्यंत सांभाळलं, कोण पुण्याला कंपनीत आहे, कोणाच्या पोरीचं लग्न व्हायचं आहे, हे तो विचारत नाही. चार एकर वावर म्हणजे १६० गुंठे. मागे बायको, दोन मुलं, एक मुलगी आणि म्हातारी आई असेल तर पाच ढीग, प्रत्येकी ३२ गुंठे. यातली आई लोक हटकून विसरतात. मुलगा आधी गेला आणि आई मागे राहिली, हे विदर्भात इतकं घडलं आहे, तरी वारसांची यादी सांगताना म्हातारीचं नाव कोणाच्या तोंडी येत नाही.

आणि हे ढीग कागदावरच पडतात. सातबाऱ्यावर पाच नावं सामाईक लागतात, वावरात धुरा (बांध) कुठे पडणार ते कोणी सांगत नाही. मग पीककर्जाला सगळ्यांची संमती लागते, एकानं सही अडवली की हंगाम जातो. विहिरीवरच्या मोटारीचं बिल कोणी भरायचं यावरून सुरू झालेलं भांडण वाटणीच्या दाव्यापर्यंत पोचतं आणि मग पेशीवर पेशी.

बाई गेली तर नियम वेगळा. तिची मुलं आणि नवरा हे पहिले वारस. ते कोणीच नसतील तर तिच्या स्वतःच्या कमाईची मालमत्तासुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिचे आई-बाप त्यांच्यानंतर येतात. मूलबाळ नसलेल्या एखाद्या विधवा शिक्षिकेनं पगारातून घेतलेला प्लॉट दिराकडे जाऊ शकतो आणि तिला सांभाळणारी आई बाहेर राहते. अशा बाईनं मृत्युपत्र करणं मला सगळ्यात निकडीचं वाटतं. एका कागदात तिला हे बदलता येतं.

मृत्युपत्रात काय लिहून देता येतं?

जे आपलं आहे, तेच. वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित हे दोन शब्द इथेच येतात. स्वकष्टार्जित म्हणजे स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. ते कोणालाही देता येतं. मुलाला, मुलीला, पुतण्याला, परक्याला. वडिलोपार्जित म्हणजे एकत्र कुटुंबाची पिढीजात मालमत्ता, ज्यात मुलामुलींचा जन्मापासून हक्क असतो. त्यात माणूस फक्त आपला हिस्सा मृत्युपत्रानं देऊ शकतो. भावाभावांच्या सामाईक विहिरीसारखं हे आहे : आपली पाळी दुसऱ्याला देता येते, भावाची नाही.

गावात मात्र आजोबांकडून आलेल्या सगळ्यालाच वडिलोपार्जित म्हणतात. कायदा तसं म्हणेलच असं नाही. १९५६ नंतर बापाच्या मृत्यूनं वारस म्हणून मिळालेला हिस्सा अनेकदा त्या माणसाचा स्वतःचा धरला जातो. वाटणी कधी झाली, नाव कोणत्या फेरफारानं (सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदीनं) लागलं, यावर हे ठरतं. म्हणून वकिलाकडे जाताना नुसता आजचा सातबारा नेऊ नका, जुने फेरफार काढून न्या. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं असेल तर ती जमीन अटींवर मिळालेली असते. आधी तहसीलमध्ये अटी विचारून घ्या.

कागद कसा असला की टिकतो?

हा भाग लोकांना फार अवघड वाटतो आणि आहे फार सोपा. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ मध्ये तो आला आहे. करणारा अठरा वर्षांपुढचा आणि शुद्धीवर असावा. त्यानं कागदावर सही करावी किंवा अंगठा लावावा. आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ‘ही सही माझीच’ असं त्यानं त्यांना सांगितलेलं असावं, आणि मग त्यांनी त्याच्यासमोर आपल्या सह्या कराव्यात. स्टॅम्प पेपर लागत नाही. शाळेच्या वहीच्या पानावर, आपल्या हातानं, आपल्या भाषेत लिहिलेलंसुद्धा चालतं.

साक्षीदाराचं मात्र हलक्यात घेऊ नका. वाद कोर्टात गेला तर दोघांपैकी निदान एकाला येऊन सांगावं लागतं की हो, माझ्यासमोर सही झाली. माझ्याकडे एक मृत्युपत्र आलं होतं, अक्षर मोत्यासारखं, सगळं नीट लिहिलेलं. साक्षीला गावातली दोन मानाची माणसं घेतली होती, आणि दोघंही करणाऱ्यापेक्षा वयानं मोठी. तो गेला तेव्हा दोघंही आधीच गेलेली होती. मग ओळखीचं अक्षर, जुन्या सह्या असं जमवत तो कागद सिद्ध करायला केवढा आटापिटा करावा लागला! साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण घ्या, गावातच राहणारा घ्या. ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार आहे, त्याला साक्षीला घेऊ नका. डॉक्टरचा दाखला सक्तीचा नाही, पण करणारा सत्तरीपुढचा किंवा आजारी असेल तर त्याच दिवशीचा ‘शुद्धीवर आहे, समजून सही करत आहे’ असा दाखला जोडलेला बरा.

कागदात नावं आधार कार्डावर आणि सातबाऱ्यावर आहेत तशी लिहा. गट नंबर किंवा सर्वे नंबर, आराजी (क्षेत्रफळ), चारही बाजूंची चतुःसीमा लिहा. “खालचं वावर मोठ्याला, वरचं लहान्याला” एवढ्यावर भागत नाही. घरच्यांना कळतं, न्यायाधीशाला कळत नाही.

काकूंचं काय?

एकदा एक काकाजी आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आठ-अ, बँकेचं पासबुक आणि घड्या पडून पिवळे झालेले दोन जुने फेरफार. काकू बाहेरच्या बाकावर पदर सावरून बसल्या होत्या.

“म्याडम, दोघा पोरायच्या नावानं दोन-दोन एकर लिहून द्या. झालं.”

“आणि काकूंचं?”

“तिले काय पायजे? दोघं पोरं हायेत ना पोसाले.”

काकाजी मनानं वाईट नव्हते. वावर म्हणजे पोरांचं, हे त्यांनी आपल्या बापाकडून आणि बापानं आजोबाकडून ऐकलेलं. मी त्यांना विचारलं, “तुम्ही गेल्यावर काकूंना दवाखान्यासाठी पाच हजार लागले तर त्या कोणाकडे मागतील?” ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मोठ्याची बायको देईल का नाई, सांगता येत नाई.”

ज्या बाईनं पंचवीस-तीस हंगाम पऱ्हाटी वेचली, तूर सोंगली, कोठ्यातलं शेण काढलं, तिला उतारवयात सुनेपुढे हात पसरावा लागतो, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता मी प्रत्येक काकाजीला हा प्रश्न विचारतेच. मृत्युपत्र केलं नसतं, तर काकूंना कायद्यानं मुलांइतकाच हिस्सा मिळाला असता. म्हणजे काकाजींच्या स्वतःच्या मालकीचं जे होतं, त्यात त्यांच्या या मृत्युपत्रानं काकूंचं नुकसान झालं असतं. हे ऐकल्यावर त्यांनी पिशवी परत उघडली.

बायकोला दोन प्रकारे देता येतं. एक, पूर्ण मालकीनं : ती विकू शकते, मुलीला देऊ शकते, स्वतः मृत्युपत्र करू शकते. दोन, तहहयात : ती जिवंत आहे तोवर पीक घ्यायचं, राहायचं, विकायचं नाही, तिच्यानंतर कागदात लिहिलेल्या माणसाला जायचं. ‘तहहयात’ हा शब्द लिहिला की हक्क सहसा तेवढाच राहतो, पुढे वाढत नाही. तो कागदात सवयीनं पडतो, दस्तलेखकाच्या जुन्या नमुन्यातून येतो. माझं मत विचाराल तर निदान एक एकर आणि राहतं घर बायकोला पूर्ण मालकीनं द्या. ज्याच्या हातात काही द्यायला असतं, त्याला घरात विचारतात.

मरणापर्यंत थांबायचीही गरज नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं बायकांच्या नावावर जमीन करण्याची ‘लक्ष्मी मुक्ती’ मोहीम चालवली आणि पुढे १९९२ मध्ये सरकारनं त्याच नावानं निर्णय काढला. नवऱ्यानं अर्ज दिला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. आपल्या भागातल्या कितीतरी बायकांना हे माहीतच नाही.

विधवा सुनेचा प्रश्न

हा मजकूर मी मुळात यासाठीच लिहायला घेतला. यवतमाळ, अमरावती, वर्धा, बुलढाणा, अकोला, वाशीम या पट्ट्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांपैकी अनेकांच्या नावावर जमीनच नव्हती. वावर बापाच्या नावावर, कसणारा मुलगा. तो गेला. त्याच्या बायकोकडे दोन लेकरं आहेत, अंगावर त्यानं काढलेलं देणं आहे आणि सातबाऱ्यावर तिचं काहीच नाही. सासरा जिवंत आहे तोवर, त्याच्या स्वतःच्या मालकीच्या जमिनीत तिचा हिस्सा सुरूच होत नाही. जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर नवऱ्याच्या हिश्शामुळे तिला आणि लेकरांना आजही हक्क सांगता येतो, म्हणून तिनं जुने फेरफार आधी तपासून घ्यावेत. सासरा काही न लिहिता गेला तर गेलेल्या मुलाचा हिस्सा तिला आणि लेकरांना येतो. पण त्यानं आपल्या मालकीचं सगळं दुसऱ्या मुलाला मृत्युपत्रानं लिहून दिलं, तर ती आणि लेकरं कोरडी राहतात.

म्हणून सासऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलगा गेला असेल तर त्याच्या वाट्याचं वावर सुनेच्या आणि नातवंडांच्या नावानं स्पष्ट लिहा, गट नंबरासह. “धाकटा पाहीन तिच्याकडे” हे तोंडी ठेवू नका. धाकट्याचं मन आज चांगलं असेल. उद्या त्याचीही पोरं मोठी होतील.

“पोरीचं लग्न करून दिलं ना, आता तिचा कायचा हिस्सा?”

लग्नाच्या खर्चाचा हिस्स्याशी काही संबंध नाही. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून देशानं, मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलासारखा जन्मानं हक्क दिला. बाप २००५ ला हयात होता की नव्हता, यावरून वर्षानुवर्षं दावे चालले. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यानं फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट हक्कसोडाची. अनेक ठिकाणी बाप जिवंत असतानाच मुलीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात. बापाच्या स्वकष्टाच्या वावरात बाप आहे तोवर मुलीचा हक्कच नसतो. नसलेला हक्क सोडणार कसा? तो कागद पुढे टिकत नाही, भावांना मात्र खात्री वाटत असते.

स्वतःच्या कमाईतलं मुलीला न देण्याचा अधिकार बापाला आहे. तसं करायचंच असेल तर कारण कागदात लिहा, म्हणजे कोणी मागून ‘दबावानं लिहून घेतलं’ म्हणणार नाही. पण पोरीला अजिबात वगळू नका, असं मी प्रत्येकाला सांगते. दवाखान्यात बापाच्या उशाशी रात्रभर बसलेली मी तरी बहुतेक वेळा लेकच पाहिली.

“त्यापेक्षा आताच पोरांच्या नावानं करून टाकतो, कटकट नाही”

याला बक्षीसपत्र म्हणतात. महाराष्ट्रात राहतं घर आणि शेतजमीन नवरा-बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा गेलेल्या मुलाची विधवा यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये असतं. स्वस्त आहे, म्हणून लोक लगेच करतात. पण नीट समजून घ्या. मृत्युपत्र म्हणजे पोत्यातलं बियाणं : पेरणीचा विचार बदलला तर पोतं आपल्याच घरी असतं, हवं तितक्यांदा नवं मृत्युपत्र करता येतं आणि शेवटचं असेल ते खरं धरतात. बक्षीसपत्र म्हणजे पेरून टाकलेलं बियाणं. ते तासातून (पेरलेल्या ओळीतून) वेचून परत पोत्यात भरता येत नाही.

मुलगा पाहीनासा झाला तर? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. ‘मला सांभाळशील’ या अटीवर साठीपुढच्या माणसानं मालमत्ता दिली आणि मुलानं सांभाळलं नाही, तर उपविभागीय अधिकाऱ्यापुढच्या (एसडीओपुढच्या) न्यायाधिकरणात दाद मागून ते बक्षीस रद्द करून घेता येतं. त्याच कायद्यात महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागायचीही सोय आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याचा अर्थ म्हाताऱ्यांच्या बाजूनं उदारपणे लावायला सांगितलं. तरीही ती अट बक्षीसपत्रात शब्दांत लिहिलेली असली तरच हात बळकट राहतो. आणि अट लिहिली तरी ऐंशीव्या वर्षी अर्ज घेऊन एसडीओच्या कार्यालयात बसावं लागतं, ते वेगळंच. ज्याच्याकडे दुसरं उत्पन्न नाही, त्यानं अंगावरचं घोंगडं काढून देऊ नये.

नोंदणी केली नाही तर चालत नाही का?

चालतं. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणीची फी अगदी थोडी. तरी मी करायला सांगते, कारण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात करणारा स्वतः हजर असतो, अंगठा-फोटो होतो, कागद तिथे जपला जातो. घरातला उंदीर, पूर आणि रागावलेला भाऊ या तिन्हींपासून तो वाचतो. मजकूर कोणाला कळू द्यायचा नसेल तर बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवायचीही सोय कायद्यात आहे.

पण ‘रजिस्टर झालं म्हणजे कोणी हात लावू शकत नाही’ हा समज चुकीचा. नोंदणी झालेल्या मृत्युपत्रालाही कोर्टात आव्हान देता येतं. ज्याला सगळं मिळतं त्यानंच सगळी धावपळ केलेली, करणारा अंथरुणाला खिळलेला, बायको-पोरी विनाकारण वगळलेल्या असं दिसलं की कोर्ट संशय घेतं, आणि तो संशय दूर करायचं काम मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर येतं. सर्वोच्च न्यायालयानं हे १९५८ मध्येच सांगून ठेवलं आहे.

बँकेत नॉमिनी लावला आहे, मग?

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. चांगली सोय आहे, पण तिच्यामुळे नवाच गैरसमज पसरला. नॉमिनी म्हणजे मालक नाही. जिनिंगवर कापसाची गाडी घेऊन एक जण जातो, काटापट्टी त्याच्या हातात पडते, चुकाऱ्याचे पैसे तो घेऊन येतो; म्हणून कापूस त्याचा होत नाही. बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते. पुढे ते वारसांचे, किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याचे. विम्यात २०१५ पासून जरा वेगळं आहे : बायको, मुलं किंवा आई-बाप नॉमिनी असतील तर रक्कम सहसा त्यांचीच. तेव्हा नॉमिनी आणि मृत्युपत्र यांत नावं जुळवून ठेवा.

कर्जाचंही इथेच सांगते. मृत्युपत्रानं बोजा उतरत नाही, तो जमिनीबरोबर जातो. पण बापाच्या कर्जासाठी वारसाच्या स्वतःच्या कमाईला हात लावता येत नाही. जेवढी मालमत्ता मिळाली, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी.

आणि माणूस जिवंत आहे, पण सुध नाही, तर?

लकवा मारतो, विसरभोळेपणा वाढत जातो, माणूस घरच्यांना ओळखेनासा होतो. इथे मृत्युपत्र कामाचं नाही, कारण तो जिवंत आहे. लोक म्हणतात, मुखत्यारपत्र आहे ना. मुखत्यारपत्र म्हणजे ‘माझ्या वतीनं हा सही करेल’ असा कागद. आपल्या कायद्यात देणारा मेला की ते संपतं, आणि त्याची मानसिक क्षमता गेली तरी संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते हातातून जातं. मग पालक नेमायला कोर्टात जावं लागतं. त्याआधीची साधी तयारी म्हणजे नवरा-बायकोचं संयुक्त बचत खातं, दोघांपैकी कोणालाही काढता येईल असं. सगळे पैसे एकट्याच्या नावावर ठेवू नका.

शेवटच्या आजारात मशीनवर ठेवायचं की नाही, हेसुद्धा आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. नागपूरच्या आयसीयूच्या दारात तीन भाऊ तीन तोंडांनी बोलताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना याचं मोल सांगायला नको.

मुस्लिम आणि आदिवासी कुटुंबांसाठी

मुस्लिम कायद्यात वारसांची संमती नसेल तर मृत्युपत्रानं एक तृतीयांशापर्यंतच देता येतं, बाकीचं ठरलेल्या हिश्शांनी जातं. गोंड, कोलाम, कोरकू अशा अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा लागू नाही, तिथे रूढी बघतात. पण १७ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सांगितलं की बाईला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसेल तर बाई आहे म्हणून हिस्सा नाकारता येणार नाही. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटातल्या बहिणींनी हे लक्षात ठेवावं. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर कायद्याची बंधनं आहेत, म्हणून तिथे मृत्युपत्र लिहिण्याआधी वकिलाचा सल्ला घ्याच.

गेल्यानंतर कागद घेऊन कुठे जायचं?

आधी मृत्यूचा दाखला. मग मृत्युपत्राची प्रत जोडून तीन महिन्यांच्या आत पटवाऱ्याकडे अर्ज. तो फेरफार टाकतो, सगळ्या हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, विदर्भातल्या मालमत्तेसाठी सक्तीचा नाही. मुंबईत तो डिसेंबर २०२५ पर्यंत सक्तीचा होता, म्हणून तिथल्या नातेवाइकाचं ऐकून घाबरू नका.

‘जिवंत सातबारा’चं उत्तरही इथेच आहे. फेरफार म्हणजे महसुलाची नोंद, शेतसारा कोणाकडून घ्यायचा त्याची वही. मालकी तिनं ठरत नाही. वारस म्हणून नावं चढली आणि नंतर पेटीत मृत्युपत्र सापडलं, तर नुसती नोंद त्याला हरवू शकत नाही. उलट मृत्युपत्रावर कोणी हरकत घेतली तर मालकीचा निकाल दिवाणी कोर्टच देतं.

काकाजींचं पुढे काय झालं

ते महिनाभरानं परत आले, या वेळी काकूंना आत घेऊन. राहतं घर आणि विहिरीजवळचा एक एकर काकूंना पूर्ण मालकीनं, दीड-दीड एकर दोन्ही मुलांना, बँकेतली ठेव मुलीला. यापेक्षा बारीक वाटे केले असते तर तुकडेबंदी कायद्याचंही बघावं लागलं असतं. साक्षीला शेजारचा किराणावाला आणि शाळेतले एक मास्तर, दोघंही चाळिशीतले. मी मजकूर वाचून दाखवला. काकाजींनी मान हलवली. काकू तोवर काही बोलल्या नव्हत्या.

“अन् इहिरीचं लिवलं का?” त्यांनी विचारलं. “इहीर माह्या वाट्यात गेली. पोरं पाणी कुठून घेतीन?”

आम्ही दोघंही विसरलो होतो. वाटणीच्या निम्म्या दाव्यांचं मूळ विहीर आणि वाट यांत असतं, हे मला ठाऊक असून विसरले होते. नवा परिच्छेद घातला : विहीर, मोटार आणि वीजजोडणी तिघांची सामाईक, पाण्याची पाळी प्रत्येकी दोन दिवस, सातवा दिवस ज्याला गरज असेल त्याला, दुरुस्तीचा खर्च तिघांत सारखा, आणि विहिरीपर्यंत बंडी जाईल एवढी वाट पूर्वेच्या धुऱ्यानं कायम मोकळी ठेवावी.

नोंदणी झाल्यावर मूळ कागद काकाजींनी लोखंडी पेटीत ठेवला. एक प्रत काकूंनी मागून घेतली आणि पोळ्याला लेक माहेरी आली तेव्हा तिच्या पिशवीत दिली.